इंजिनीअरिंग फिजिक्स घ्यावं का? भाचीसाठी विचारतोय

भाचीचा_मामा

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

भाचीची शाळा संपत आलीय आणि ताईकडे गेले तीन महिने दुसरा विषय नाही. ताईचं म्हणणं, सरळ इलेक्ट्रिकल घे, पुढचं पुढे. भाऊजी म्हणतात, एवढी फिजिक्सची ओढ असेल तर नुसतं फिजिक्स कर, आडवळण कशाला. आणि पोरगी दोघांना बगल देऊन तिसरंच मागतेय: इंजिनीअरिंग फिजिक्स. माहितीपत्रक वाचून मला तरी वाटलं की चार वर्षांची पदवी, निम्मं हे आणि निम्मं ते. तिला विचारलं तर म्हणते, "मामा, मला यंत्र का चालतं तेही कळायला हवंय आणि ते माझ्या हातून चालायलाही हवंय." वाक्य झकास आहे, पण एका वाक्यावर चार वर्षं लावायची का?

मी हिशेबनीस. आयुष्यभर ताळेबंद जुळवले. यातलं शून्य कळतं आणि तरी घरात पंच म्हणून मलाच बसवलंय. तर शिकवतात काय, पुढे करतात काय, आणि फसलं तर परतीची वाट आहे का, एवढं कुणी अनुभवातून सांगाल का? शोधून सापडतं ते सगळं वाचून झालंय.

खोडरबर

एक ना धड, भाराभर चिंध्या.

पळतो आता, जाणकार यायच्या आत.

पाना_सात_नंबर

खोडरबर गमतीत बोलले, मी तेच गंभीरपणे म्हणतो.

बावीस वर्षं यंत्रांच्या डिझाइनमध्ये आहे. माझ्याकडे या पदवीची दोन मुलं आली. हुशार, वादच नाही. पहिल्याच आठवड्यात एकाला शाफ्टचं ड्रॉइंग दिलं: व्यास २५ मिलिमीटर, पुढे लिहिलेलं एच ६. त्याला ते काय आहे ते ठाऊक नव्हतं. म्हणजे दांडा २५ पेक्षा केसभरही जाड चालणार नाही आणि बारीक असला तर फार तर १३ मायक्रॉन. आमची ही बाराखडी आहे. साहेबांनी मग दोन दिवस बसून त्याच शाफ्टच्या कंपनाचं समीकरण मुळापासून सोडवलं. उत्तर बरोबर आलं. तेच उत्तर माझ्या टेबलावरच्या तक्त्यात पान उघडलं की मिळतं.

मामा, भाचीला यंत्र "हातून चालायला" हवं असेल तर तिला इंजिनीअरिंगच करू दे. फिजिक्सची पुस्तकं कुठे पळून जात नाहीत.

अर्धवाहक

मी याच पदवीचा, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजून वाचा. बाहेर पडून चौदा वर्षं झाली, चिपच्या कारखान्यात पातळ थरांची जाडी मोजण्याचं काम बघतो.

मामा, आधी ते "निम्मं-निम्मं" डोक्यातून काढा. पहिलं वर्ष साधारण सगळ्या इंजिनीअरांसारखंच: कॅल्क्युलस, मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, प्रोग्रॅमिंग. खरी गंमत दुसऱ्या वर्षापासून. सकाळी क्वांटम, दुपारी ऑप-अँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) सर्किट. तिसऱ्यात घनपदार्थांचं फिजिक्स, सांख्यिकीय यांत्रिकी, सिग्नल्स, कंट्रोल, संगणकावर समीकरणं सोडवणं. चौथं वर्ष बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टचं. वगळलं काय जातं, तर फिजिक्सवाल्यांचं सामान्य सापेक्षता आणि क्वांटम फील्डसारखं वरच्या मजल्यावरचं, आणि इंजिनीअरांचं ड्रॉइंग, उत्पादन, डिझाइनचे ठरलेले नियम. त्यामुळे पाना यांच्या त्या पोराला एच ६ माहीत नसणं मला पटतं. मलाही नव्हतं.

मिळतं काय ते सांगतो. फूरिए, म्हणजे कुठलीही लाट साध्या लाटांत फोडायचं गणित, मला तीन वर्गांत तीन वेषांत भेटला. सिग्नल्सच्या तासाला तो आवाजातले सूर वेगळे करत होता. ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये भिंगाच्या नाभीपाशी पडद्यावर ठिपके होऊन पडला होता. क्वांटममध्ये कणाचं स्थान आणि संवेग यांच्यात ये-जा करत होता. तिन्ही मास्तर आपापल्या चिन्हांत लिहीत होते आणि एकमेकांचं नावही घेत नव्हते. तिसऱ्या वेळी मी वर्गात एकटाच हसलो होतो. अनिश्चितता तत्त्व मला क्वांटमच्या पुस्तकातून कळलंच नाही. ते कळलं ऑसिलोस्कोपसमोर, पल्स जितका आखूड केला तितका त्याचा वर्णपट फुगत गेला तेव्हा.

आणि त्रास काय, तर हाच, दोन घरचं पाणी. इंजिनीअर उणे एकच्या वर्गमुळाला जे म्हणतात, कारण आय हे अक्षर करंटने आधीच अडवलंय. तेवढंच असतं तर ठीक होतं. काळाबरोबर फिरणाऱ्या लाटेचं चिन्हही दोघांचं उलटं. त्यामुळे प्रकाश शोषणाऱ्या काचेच्या अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग (शोषण किती ते तोच सांगतो) एका पुस्तकात अधिक, दुसऱ्यात वजा. मी एकदा एक सूत्र इकडून आणि दुसरं तिकडून उचललं, तर माझी काच प्रकाश शोषायच्या ऐवजी वाढवत सुटली. कागदावर फुकटचा लेझर. एक अख्खी रात्र त्या एका वजा चिन्हात गेली.

खोडरबर

फुकटचा लेझर __/\__

निरभ्र

मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझा स्वार्थ शुद्ध फिजिक्सकडे. तरीही एक सांगतो, ही पदवी म्हणजे कालपरवाचं फॅड नव्हे. टोरोंटो विद्यापीठात १९३४ साली ती इंजिनीअरिंग फिजिक्स याच नावाने सुरू झाली, पुढे तिचं इंजिनीअरिंग सायन्स झालं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला "तांत्रिक भौतिकी" म्हणून हीच परंपरा आहे.

डेल्फ्टमधून १९५२ साली ही पदवी घेऊन बाहेर पडलेला एक माणूस म्हणजे सीमोन फान डर मेर. आधी फिलिप्समध्ये, मग १९५६ पासून सर्न या युरोपातल्या कणांच्या प्रयोगशाळेत. तिथे अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचे उलट विद्युतभाराचे जुळे) गोल कड्यात फिरवायचे होते, पण ते झुंडीसारखे विस्कटलेले, प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा. याने काय केलं, तर कड्याच्या एका जागी झुंड मधल्या रेषेपासून किती सरकलीय ते मोजलं, तो सिग्नल वाढवून कड्याच्या आडव्या वाटेने पुढे पाठवला, आणि तेच कण वळसा घालून तिथे पोचायच्या वेळेला त्यांना उलटा धक्का दिला. असं लाखो फेऱ्यांत झुंड आवळत जाते. याच्या जोरावर १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले आणि पुढच्या वर्षी रुबियाबरोबर यालाही नोबेल मिळालं. कल्पना मूळची काय आहे? फीडबॅक सर्किट! शुद्ध फिजिक्सच्या माणसाला ती सुचायला त्रास झाला असता, आणि निव्वळ सर्किटवाल्याला ती कुठे लावायची ते कळलं नसतं.

आणखी दोन उदाहरणं. जॉन बार्डीन, विस्कॉन्सिनमधून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग केलेला, फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेला एकमेव माणूस, १९५६ आणि १९७२. इव्हार येव्हर तर मेकॅनिकल इंजिनीअर. नोकरीत असताना फिजिक्सचे वर्ग करत होता, तिथे अतिवाहकातल्या (अजिबात रोध नसलेल्या धातूतल्या) ऊर्जेच्या फटीबद्दल ऐकलं आणि १९६० मध्ये दोन धातूंच्या पापुद्र्यांत ऑक्साइडचा थर ठेवून ती फट व्होल्टमीटरने मोजून दाखवली. नोबेल १९७३.

पाना_सात_नंबर

@निरभ्र, सर, आदर आहे, पण नोबेलवाल्यांची उदाहरणं देऊन पोरांचे प्रवेश ठरवू नका. तुमच्या तिघांतले दोघे तर साधे इंजिनीअरच निघाले, म्हणजे माझाच मुद्दा झाला की! पदवी कुठलीही असती तरी ती माणसं पोचलीच असती. मामांना प्रश्न मधल्या फळीतल्या पोरांचा आहे.

आता बोललोच आहे तर अर्धी गोष्ट सांगून थांबणं बरं नाही. दुसरी जी मुलगी आली होती तिचंही सांगतो. एक पंपसेट ठराविक वेगाला थरथरायचा. आम्ही रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, तीनदा बॅलन्स केला. ती म्हणाली, मला दोन तास द्या. पंपाच्या बैठकीवर अॅक्सेलरोमीटर (कंपन मोजायचं साधन) चिकटवला, वेग हळूहळू वाढवत नेला आणि आलेख काढला. बॅलन्सचा दोष असता तर शिखर वेगाबरोबर सरकलं असतं. एक शिखर सरकत होतंच, पण दुसरं एका जागी ठाम उभं होतं, आणि सरकणारं त्याच्यावर आलं की थरथर. दोष रोटरचा नव्हताच, खालच्या चौकटीचा होता. दोन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या, संपलं. हे मलाही करता आलं असतं, पण मी तीन वेळा रोटरच काढत बसलो, हे खरं.

ड्रॉइंग मात्र तिलाही वाचता येत नव्हतं. नंतर शिकली. सहा महिने लागले.

भाचीचा_मामा

पानासाहेब, ही दुसरी गोष्ट ताईला वाचून दाखवली. ताई म्हणाली, पहिली पण वाच. :)

कोपऱ्यातली

इथे सगळे खूश दिसतायत म्हणून लिहिते. मी हीच पदवी केली आणि बाहेर पडल्यावर दोन वर्षं हात चोळत बसले होते.

पहिला त्रास नावाचा. मुलाखतीत समोरचा विचारणार, म्हणजे तुम्ही इंजिनीअर की फिजिसिस्ट? प्रत्येक वेळी पहिली दहा मिनिटं पदवीची ओळख करून देण्यात जायची. दुसरा त्रास जास्त मोठा आणि त्यात माझी चूक. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायचे होते. मी लेझरचा एक घेतला, खगोलाचा एक, नॅनोचा एक, अणुभट्टीचा एक. सगळ्यांची तोंडओळख, मैत्री कुणाशीच नाही. वर्गातल्या ज्या मुलांनी एकाच वाटेचे लागोपाठ तीन विषय घेतले, त्यांना कुणी "तू कोण" असं विचारलं नाही. त्यांतला एखादा म्हणायचा ऑप्टिक्स, विषय संपला. खोडरबर यांची म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी होती, आणि ती पदवीने नाही केली, मीच केली.

तिसरं, परवान्याचं. अनेक देशांत अधिकृत इंजिनीअर म्हणून सही करायची तर पदवी त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत लागते. इंजिनीअरिंग फिजिक्स या एकाच नावाखाली काही अभ्यासक्रम त्या यादीत असतात, काही नसतात. माझा नव्हता आणि मला ते शेवटच्या वर्षी कळलं. विभागात विचारलं तर म्हणाले, माहितीपत्रकात आम्ही कुठे म्हटलं होतं आहे म्हणून. बरोबरच होतं त्यांचं, म्हटलं नव्हतं! मामा, हे आधी बघा. तिला तसल्या कामाकडे जायचं नसेल तर फरक पडत नाही, पण माहीत असावं.

आता बरी आहे. पुढे मेडिकल फिजिक्सचं शिक्षण घेतलं, कर्करोगाच्या रेडिएशन विभागात काम करते. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी मशीन किती डोस देतंय ते तपासायचं. नेहमीच्या आकड्यापासून ३ टक्क्यांहून जास्त सरकलं तर थांबायचं आणि कारण शोधायचं. मोजायचं साधन म्हणजे हवेने भरलेली बोटाच्या पेराएवढी डबी. रेडिएशनने आतल्या हवेत विद्युतभार सुटतात, ते मोजायचे. पण हवेचा दाब उतरला की डबीत हवाच कमी, म्हणजे आकडाही कमी, आणि मशीन बिचारं ठणठणीत. दाब आणि तापमानाची दुरुस्ती करायला विसरलात तर तुम्ही चांगल्या मशीनला बिघडवून ठेवाल. नवीन आलेल्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगते. इथे मात्र मला कुणी विचारत नाही की तू इंजिनीअर की फिजिसिस्ट. दोन्ही नसेन तर चालतच नाही.

रेघोटी

तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा आठवड्यावर, तरी राहवत नाही.

कोपऱ्यातली ताई, तुमचं ऐच्छिक विषयांचं वाचून पोटात गोळा आला, मी पण चार वेगवेगळेच निवडले होते. उद्या बदलते.

मामा, तुमच्या भाचीला एक प्रयोग सांगा, आमच्या लॅबमधला. तांब्याची पातळ पट्टी. २० मायक्रॉन जाड, एक सेंटिमीटर रुंद. लांबीत एक अँपियर करंट सोडायचा, पट्टी अर्ध्या टेस्लाच्या चुंबकात धरायची आणि दोन कडांमधलं व्होल्टेज मोजायचं. हॉल परिणाम, पुस्तकात दीड पान. हिशेबाने यायला हवं सुमारे १.४ मायक्रोव्होल्ट. आम्हाला आलं ४३.

जोडीदार म्हणाला, मीटर बिघडलाय. मीटर ठीक होता. झालं होतं असं की कडांना डकवलेल्या दोन तारा समोरासमोर नव्हत्या, अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. करंट वाहतोय म्हणजे पट्टीच्या लांबीत थोडं व्होल्टेज पडतंच, तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरचंच ४० च्या वर होतं. म्हणजे जे शोधतोय त्याच्या तीसपट कचरा. तारा पुन्हा डकवल्या, मग २० आलं. सर लांबून बघत होते, बोलले काहीच नाहीत.

मग सुचलं की चुंबक उलटा करायचा. हॉलचं व्होल्टेज उलटतं, तारांच्या चुकीचं उलटत नाही. वजाबाकी केली की चूक गेली. हुश्श म्हणतोय तोवर आकडा सरकायला लागला. तार डागलेल्या एका सांध्याजवळ माझा हात होता, त्याची ऊब. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला ऊब लागली की तिथे आपोआप व्होल्टेज येतं. आता करंट उलटा केला: हॉलचं उलटतं, उबेचं नाही. शेवटी चार वाचनं घ्यायची, चुंबक सुलट-उलट, करंट सुलट-उलट, आणि अधिक-उणे लावून बेरीज. मध्ये श्वाससुद्धा दुसरीकडे सोडायचा. सव्वातीन तासांनी आलं १.३.

तांब्यात चिन्ह ऋण येतं, म्हणजे वाहणारे इलेक्ट्रॉन. ठीक. त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर जस्ताची पट्टी होती. त्यांना चिन्ह धन आलं. त्यांनी तीनदा तारा तपासल्या. तारा बरोबर होत्या, जस्तात ते खरंच धन येतं. जस्तातसुद्धा इलेक्ट्रॉनच वाहतात ना, मग धन कसं? याचं उत्तर सर्किटमध्ये नाही, घनपदार्थांच्या क्वांटममध्ये आहे, आणि ते आम्हाला पुढच्या सत्रात आलं. १.४ मायक्रोव्होल्ट कचऱ्यातून उकरून काढायचे कसे, हा एक प्रश्न. ते धन का, हा दुसरा. मला दोन्हींनी झोप लागत नाही. ज्याला एकानेच लागत नाही त्याने ती ती शाखा घ्यावी.

गेले अभ्यासाला.

चष्मिष्ट

रेघोटी, शाब्बास. वाखुसा (वाचनखूण साठवली).

याच अंगाने माझ्या धंद्यातलं एक. काचेच्या तारेतून प्रकाश लांब पाठवायचा हे साठच्या दशकात वेडेपणाचं वाटायचं. तेव्हाच्या काचेत किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात नुकसान होतं. डेसिबलचा हिशेब असा की दर दहाला प्रकाश दहावा हिस्सा उरतो. हजार म्हणजे एकावर शंभर शून्यं एवढ्यांतला एक. काहीच नाही म्हणा ना. इंजिनीअरांनी सोडून दिलं होतं.

१९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी प्रश्नच फिरवला. हे नुकसान काचेचा स्वभाव आहे की काचेतल्या घाणीचा? मांडलं असं की दोष मुख्यतः लोखंडासारख्या भेसळीचा आहे, आणि २० डेसिबलपर्यंत आणता आलं, म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक हिस्सा उरला, तरी टेलिफोनचा धंदा चालेल. १९७० मध्ये कॉर्निंगने १७ गाठलं. काओ शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनीअर, नोबेल फिजिक्सचं, २००९.

(पाना, माहीत आहे, पुन्हा नोबेल आणि पुन्हा इंजिनीअर. पण मी माणूस नाही दाखवत, प्रश्न दाखवतोय. "स्वभाव की घाण" हा प्रश्न फिजिक्सचा, "किती साफ केलं की पुरेल" हा इंजिनीअरिंगचा. पहिला न विचारता दुसऱ्याला हात घालता आला नसता.)

निरभ्र

मामांचा परतीच्या वाटेचा प्रश्न राहिलाच. पहिलं वर्ष बहुतेक सामाईक असतं, त्यामुळे तिथून इलेक्ट्रिकल किंवा फिजिक्सकडे वळणं त्यातल्या त्यात सोपं, अर्थात जागा आणि नियम त्या त्या विद्यापीठाचे. तिसऱ्या वर्षानंतर वळायचं तर पदव्युत्तरला. फिजिक्स, मटेरियल्स, इलेक्ट्रॉनिक्स, फोटॉनिक्स, मेडिकल फिजिक्स, इकडची मुलं सगळीकडे घेतलेली पाहिलीत. सैद्धांतिक फिजिक्सला जाणाऱ्यांना मात्र एखादं वर्ष मागचं भरून काढावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीने ते केलं, रडतखडत, पण केलं.

भाचीचा_मामा

बापरे. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. भाऊजींनी रात्री बसून अख्खा धागा वाचला आणि रेघोटीच्या प्रतिसादापाशी थांबून म्हणाले, एवढ्याशा आकड्यासाठी सव्वातीन तास? भाची म्हणाली, मग!

आता शेवटचं. ती म्हणते आवडेल. सतरा वर्षांच्या पोरीला काय, उद्या आणखी काही आवडेल. हे आधी ताडून बघायचा काही उपाय आहे का?

अर्धवाहक

आहे, आणि स्वस्तातला आहे. खेळण्यातल्या गाडीवर असतो तसा लहान सोलर सेल घ्यायचा. जुन्या हेडफोनची वायर कापून तिच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना डागायच्या (सोल्डर करायच्या), पिन बॅटरीवरच्या स्पीकरच्या ऑक्समध्ये. झालं. आता सेल ज्याच्यासमोर धराल तो प्रकाश ऐकू येईल. दिव्याखाली धरा, टीव्हीच्या रिमोटसमोर धरा, मेणबत्तीसमोर धरा. तिला एवढंच सांगा, बाकी काही शिकवू नका. काय होतं ते बघू.

"वा, आवाज आला" म्हणून खाली ठेवलं तर काही बिघडत नाही, तीही चांगली गोष्ट आहे. तसं झालं तर इलेक्ट्रिकल घ्या आणि सुखी राहा.

दरम्यान तुम्ही अभ्यासक्रमाची यादी उघडून बसा. प्रत्येक सत्राला लॅब आहे का ते बघा. शेवटचा प्रोजेक्ट वर्षभराचा आहे की सहा आठवड्यांचा, आणि तो स्वतःच्या हाताने काही उभं करण्याचा आहे की अहवालाचा. मग पदवी फिजिक्स विभागाची की इंजिनीअरिंगच्या शाखेची, कारण नाव एकच असलं तरी त्यावरून आतला माल पुष्कळ बदलतो. कंट्रोल आणि सिग्नल्स सक्तीचे नसतील तर ते फिजिक्सच आहे, नाव मोठं. क्वांटम एकाच सत्रात उरकलं असेल तर उलट. कोपऱ्यातली यांनी परवान्याचं सांगितलंच आहे.

पाना_सात_नंबर

आणि सुट्टीत कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये चार आठवडे जाऊ दे. ड्रॉइंग वाचायला शिकेल. माझ्याकडे पाठवलीत तरी चालेल, पण लेथवर पहिल्या दिवशी केस बांधून.

भाचीचा_मामा

चार दिवसांनी येतोय. अहवाल देतो.

सेल, वायर, स्पीकर, सगळं तिनेच जमवलं. पहिला डाग सुटला, दुसरा टिकला. दिव्याखाली घूं असा स्वर. खिडकीतल्या उन्हात काही नाही. रिमोटला टर्रर्र. मेणबत्ती गप्प, फुंकर मारली की फरफर. इथवर सगळ्यांनी हौसेने ऐकलं, ताईसुद्धा आली. मग आम्ही जेवायला बसलो आणि ही उठलीच नाही.

रात्री वही घेऊन आली. ती गाणं शिकते, त्यामुळे स्वर ओळखते. घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झ, पण दिव्याचा स्वर १०० चा आहे, बरोब्बर वरच्या सप्तकातला. का, ते तिचं तिने काढलं: करंट इकडून गेला काय आणि तिकडून गेला काय, दिवा दोन्ही वेळा उजळतोच, म्हणून एका फेरीत दोनदा. मग एका टॉर्चने तिला गोंधळात टाकलं. बॅटरीची, म्हणजे गप्प हवी. पूर्ण उजेडावर गप्पच होती, पण मंद केली की बारीक शीळ. ही मंद करते म्हणजे उजेड कमी करत नाही, भरभर उघडझाप करते, असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

आता अडलेलं असं. सेलवर तळहात दाबला, अंधार केला, तरी बारीक गुणगुण उरते. आणि ती म्हणते, हा स्वर खालच्या सप्तकातला आहे, दिव्याचा नाही. मी म्हटलं, सोड ना, बारीक तर आहे. असं बघितलं माझ्याकडे! तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय: ही गुणगुण प्रकाशाची की तारेची?

रेघोटी

तिला आधी विचारा, स्पीकर चार्जिंगला लावलेला होता का?

अर्धवाहक

उत्तर सांगू नका रे कुणी. मामा, तिला म्हणावं, हात हा चांगला पडदा नाही, तो स्वतःच तारेत गुणगुण आणू शकतो. हात लावल्यावर गुणगुण वाढते की कमी होते ते बघ, आणि सेल काळ्या चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी गुंडाळून पुन्हा ऐक. तिची सप्तकाची शंका भारी आहे, पण लहान स्पीकरला ५० नीट पेलवत नाही, म्हणून कानावर एकट्यावर भिस्त ठेवू नको. हेडफोन लाव.

भाचीचा_मामा

चार्जिंगला होता. काढला. गुणगुण निम्मी झाली म्हणते, गेली नाही.

काळी पट्टी घरात नव्हती, आणायला गेलीय. भाऊजी पण गेलेत सोबत.